हळू सोडायचं

तेमिरताऊमध्ये बर्फ पांढरा असतो तो फक्त पडताना.
जमिनीला टेकला की कारखाना त्याच्यावर सही करतो.
त्या काळ्या सहीवरून चालत मी रोज सकाळी
पाच मजले चढते, लिफ्ट बंद, पिशवीत
सलाइनची बाटली, नळी, कापूस
आणि तपकिरी काचेच्या कुप्या,
रुमालात गुंडाळलेल्या, अंड्यांसारख्या.

येर्केबुलान कारखान्यात क्रेन चालवायचे.
एकतीस वर्षं उकळतं लोखंड
माणसांच्या डोक्यांवरून नेलं, थेंब सांडला नाही.
आता चमचाभर सूप ओठांपर्यंत पोचत नाही.
उजवा हात मांडीवर,
दुसऱ्या कुणी सांभाळायला दिल्यासारखा.

पहिल्या दिवशी मी विचारलं, जे विचारायचं असतं:
कधी फिट आली होती? मूत्रपिंडं कशी आहेत?
कुठल्या औषधानं अंगावर गांधी उठल्या होत्या?
कुल्याश म्हणाली, बाई, तू सुई टोच,
चौकशी पोलिसांना करू दे.
तरी सगळी उत्तरं घेतली.
मगच कुपीची मान मोडली.

हळू सोडायचं. थेंब थेंब.
घाई केली की अंग तापतं, घाम फुटतो,
छाती धडधडते, खोली फिरायला लागते.
मी घड्याळ बघत बसते,
कुल्याश मला बघत बसते,
आणि ते खिडकीबाहेर, धुराड्यांकडे,
त्यांच्याशिवाय चालू असलेल्या.

सातव्या दिवशी हरवलेला चष्मा सापडला
म्हणून तिनं खोक्यातला कागद वाचायला घेतला.
मुंगीएवढी रशियन अक्षरं, बोट सरकवत.
एका ओळीवर बोट थांबलं.
"कशापासून काढतात म्हणालीस हे?"
मी म्हणाले नव्हते.
इथेच तर घोडं पेंड खात होतं, सात दिवस.
"डुकराच्या मेंदूपासून. नुसता अर्क. शुद्ध केलेला."

किटली उकळून उकळून आपणच बंद झाली.
जिनं त्या मांसाला लागलेली सुरीसुद्धा
कधी उंबऱ्याच्या आत येऊ दिली नाही
ती उठली, नळीपाशी गेली. अर्धी बाटली बाकी होती.
काढ म्हणाली नाही. राहू दे म्हणाली नाही.
फक्त खिडकी उघडली,
उणे बावीसमध्ये.

आणि खाटेवरून,
तीन महिन्यांत 'म्म' आणि 'आ'च्या पुढे न गेलेल्या तोंडातून
स्वच्छ आलं:
"शोश्का."
डुक्कर.
मग तोंडाचा डावा कोपरा वर गेला.
ते हसत होते.
कुल्याश आधी भडकली, मग रडली, मग पदराविनाच
डोक्याच्या रुमालाला नाक पुसत म्हणाली,
"एकतीस वर्षं त्या कँटीनमध्ये
काय काय हाणलंस, आता कळलं!"

गुण औषधाचा का?
डॉक्टर सेरिकबाय खांदे उडवतात:
काही अभ्यास हो म्हणतात, काही नाही.
काहींना वाचा आपोआपही फुटते.
आणि रागाचं, लाजेचं काय, ते कुणी तपासलेलं नाही.
मी वहीत लिहिलं: दिवस सातवा. ताप नाही. एक शब्द.

जिन्यात दुसऱ्या मजल्यावरचा तिमोफेय आडवा आला.
परीक्षा तोंडावर, डोळ्यांखाली काजळी.
"मावशी, उरल्यासुरल्या दोन कुप्या मला द्या ना.
होस्टेलातली पोरं घेतात. डोकं धावतं म्हणे."
धावून जाणार कुठे, विचारायचं होतं.
त्याऐवजी विचारलं: कधी फिट?
"लहानपणी." कठड्याचा रंग खरवडत. "एकदाच."
"मग घरी जा आणि झोप.
आठ तास. त्याला चिठ्ठी लागत नाही."

बाहेर नवा बर्फ सुरू झाला होता, अजून पांढरा.
पिशवीत रिकाम्या कुप्या एकमेकींवर वाजत होत्या.
कोपऱ्यावर थांबून मी त्या मोजल्या.
मग हातमोजा काढून
परत एकदा.